पंधरावी साखळी

माझ्या उंबऱ्यापासून त्याच्या उंबऱ्यापर्यंत दोनशे बारा पावले आहेत. हा आकडा मी कधी विचारला नव्हता. बीड शहरात एकाच गल्लीत आम्ही तीस वर्षे राहिलो, आणि तो माझ्या ओसरीवर येऊन टेकला की क्षेमकुशलाच्या आधी आकडा सांगत असे. ‘दोनशे बारा.’ एखाद्या दिवशी दोनशे सोळा भरली तर त्याचे कारणही तत्परतेने येई. वाटेत म्हैस बसली होती.

आम्ही दोघे नेकनूरच्या शाळेत एका बाकावर बसत असू. पुढे मी पाठशाळेत जाऊन संस्कृत शिकलो आणि जन्मभर तेच शिकवले. तो सरकारी मोजणीदार झाला. तेलगावच्या उसापासून कडा गावच्या माळापर्यंत अर्धा जिल्हा त्याने लोखंडी साखळीने मोजून काढला. ही साखळी तेहेतीस फुटांची असते. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, एवढे मला त्याच्या सहवासाने कळले होते. त्याच्या हाती साखळी आणि माझ्या हाती जपमाळ. तो भूमी मोजत होता, मी नाम मोजत होतो, आणि वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षीही दोघांपैकी कोणाचेच मोजून संपलेले नव्हते.

मला सारे गाव ‘शास्त्रीबुवा’ म्हणते. तो ‘शास्त्र्या’ म्हणे आणि वाक्याच्या शेवटी ‘बे’ लावी. प्रारंभी मला ते लागत असे. पुढे असे वाटू लागले की ज्याला कोणीतरी ‘बे’ म्हणणारे उरलेले आहे तो मनुष्य म्हातारपणी भाग्यवानच समजावा.

त्याचा मुख्य विक्षिप्तपणा असा की चालताना तो पावले मोजी, आणि मोजताना बोलत नसे. कोणी हाक मारली तर हाताचा पंजा वर करी. समोरच्याने तेवढ्यावर ओळखून गप्प राहावे अशी त्याची अपेक्षा असे. समोरचा बोलतच राहिला आणि आकडा सुटला, तर हा पाठ फिरवून जिथून निघाला तिथवर परत जाई आणि पुन्हा पहिल्यापासून प्रारंभ करी. एकदा माझ्या पत्नीने अंगणातून विचारले, “भाऊजी, चहा टाकू का?” तेव्हा तो आमच्या फाटकापासून तीन पावलांवर होता. त्याने तिच्याकडे अत्यंत व्यथित दृष्टीने पाहिले आणि तो चालता झाला. “माझं काय चुकलं हो?” असे म्हणत ती बिचारी डोळ्यांना पदर लावून बसली. दहा मिनिटांनी तो पुन्हा आला, ओसरीवर टेकला आणि म्हणाला, “दोनशे बारा. वहिनी, टाका चहा.”

माझ्या पुतण्याच्या लग्नात सप्तपदीच्या वेळी मंडपात सर्वत्र गांभीर्य पसरले होते. वधूच्या आईचे डोळे भरून आले होते. त्या नीरव क्षणी मागून त्याचा आवाज आला, “साडेनऊ फूट.” पुरोहितांनी मंत्र थांबवला. त्या प्रसंगी मीच पुरोहित होतो.

देवाधर्माशी त्याचे वैर नव्हते, केवळ ओळख नव्हती. मी कधी दर्शनाला चल म्हटले तर तो म्हणे, “शास्त्र्या, जन्मभर शेताच्या हद्दीला दगड रोवत आलो. त्यातल्या कोणकोणाच्या पाया पडू बे?” मी यावर वाद घालत नसे. वादाने कोणी आस्तिक झाल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

म्हणून गेल्या श्रावणात घडलेली गोष्ट मला प्रथम ईश्वरी कृपाच वाटली. बालाघाटाच्या डोंगरात, पाटोद्याच्या पुढे, एक खोल खडकाळ दरी आहे आणि तिच्या तळाशी महादेवाचे देऊळ आहे. तेथे चार दिवस राहून रुद्राभिषेक करावा अशी माझी अनेक वर्षांची इच्छा होती. मी हे सहज बोललो, तर तो क्षणात म्हणाला, “मीबी येतो.”

“तू? अभिषेकाला?”

“दगड पाहायला येतो. तितले दगड लई चांगले हायत.”

मी मनोमन हात जोडले. निघण्याच्या दिवशी त्याच्या खांद्यावर एक जाड कापडी पिशवी होती. ती एवढी जड होती की तो एका अंगाने कलला होता. एसटीत चढताना तिच्यातून खणखणाट झाला. मला वाटले, ताम्हण, पळी-पंचपात्र, समई. याने तर पूजेची उपकरणीही आणली! मांजरसुंब्याच्या घाटात वळणावळणाला ती पिशवी किणकिणत होती आणि दर किणकिणाटाला माझा त्याच्याविषयीचा आदर वाढत होता.

ती दरी ज्याने पाहिली नाही त्याला सपाट मराठवाड्यात असे काही दडलेले असेल हे पटणार नाही. माळ चालत असतो, चालत असतो, आणि अकस्मात पायांपुढची भूमीच संपते. काळ्या कातळाचे थरावर थर खाली उतरत गेलेले, जणू कोणी प्रचंड ग्रंथाची पाने उघडी टाकून गेला आहे. श्रावणात त्या थरांवरून पाणी कोसळते, कपारींतून तेरडा फुलतो आणि समोरच्या कड्यावर मोर ओरडला की दरी त्याला तीनदा उत्तर देते. मी तेथे हात जोडून उभा राहिलो. तो एक डोळा मिटून, अंगठा समोर धरून दरीची रुंदी काढत होता.

काठावरच्या भक्तनिवासात सामान ठेवून आम्ही देवळाकडे उतरू लागलो. तळापर्यंत दगडी पायऱ्या आहेत. अर्थातच त्याने त्या मोजण्यास आरंभ केला. मी पुढे गेलो, स्नान केले, अभिषेकाला बसलो, रुद्रातले नमक संपले, चमक संपले, आरती झाली, तरी याचा पत्ता नाही. मला चिंता वाटू लागली. तेव्हा खालून वर पाहिले तर तो अर्ध्या वाटेवर दिसला, आणि पाहता पाहता वळून पुन्हा वर चढू लागला.

घडले होते ते असे. साठाव्या पायरीच्या सुमारास एका बाईने विचारले, “बाबा, खाली पाणी लई हाय का?” याने पंजा वर केला. तिला वाटले आशीर्वाद दिला, म्हणून ती पाया पडली आणि “बाबा, बोला की” म्हणाली. आकडा सुटला. हा वर गेला. दुसऱ्या खेपेस शंभरीच्या आसपास त्याच बाईने आपल्या जावेला सांगितले, “मौन हाय त्यांचं. तीन येरझाऱ्यांचा नवस आसंल.” हे ऐकताना पुन्हा आकडा सुटला. हा पुन्हा वर गेला. तिसऱ्या खेपेस पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना बायका वाट पाहत उभ्या होत्या.

देवळाच्या दारात तो आला तेव्हा त्याच्या कपाळभर कुंकू होते, गळ्यात झेंडूची माळ होती आणि हातात नारळ होता.

“शास्त्र्या,” तो संतापाने म्हणाला, “ह्या बायांनी मला देव केला बे! एकशे सत्तरला हुतो!”

पुजाऱ्याने त्याला अत्यंत आदराने तीर्थ दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अभिषेक आटोपून आम्ही काठावरच्या माळाने फिरायला निघालो. पिशवी त्याने बरोबर घेतली होती. मी विचारले नाही. तो नेहमीप्रमाणे मोजत चालला होता, परंतु त्याची चाल वेगळी होती. वाट शोधणाऱ्या माणसासारखा तो डावी-उजवीकडे पाहत होता. माळाच्या मध्यावर, जेथे खडकावरची पातळ माती संपून निखळ कातळ लागतो त्या सीमेवर, शेंदराने माखलेली गुडघाभर उंचीची एक शिळा उभी होती. चांदीचे डोळे बसवलेले, समोर लिंबू-नारळ, मागे भगवे निशाण. म्हसोबाचे स्थान. मी पायांतील वहाणा काढल्या आणि साष्टांग नमस्कार घातला.

“उठ बे शास्त्र्या,” वरून आवाज आला. “त्यो म्या रोवलाय.”

मी पालथाच होतो. अशा अवस्थेत उठावे की पडून राहावे याविषयी मी शिकलेल्या शास्त्रात काही आठवेना. अखेर जो भाव मनात धरून पडलो होतो तो पूर्ण केला आणि मगच उठलो. तो शिळेपाशी वाकला होता. माथ्यावरचा शेंदराचा पापुद्रा त्याने नखाने किंचित उचलला. खाली छिन्नीने कोरलेली फुली होती.

“हद्दीच्या दगडाची खूण,” तो म्हणाला. “ही फुली माझ्या हातची. बेचाळीस वर्सं झाली.” मग कातळावर बसला आणि प्रथमच त्याने न मोजता बोलण्यास प्रारंभ केला.

तो नोकरीत कायम होऊन तीन महिने झाले होते. या माळावर दोन भावांची वाटणी मोजायची होती. थोरल्याचे नाव गेनबा, धाकटा आता हयात नाही. पश्चिमेच्या बाभळीपासून तेवीस साखळ्या थोरल्याच्या, पुढे राहील ते धाकट्याचे. प्रत्येक साखळीला जमिनीत खुंटी मारतात, पण येथे पुढे पुढे खडक. खुंटी शिरेना. म्हणून आकडा तोंडानेच धरायचा. चौदा साखळ्या झाल्या आणि गेनबाने बाभळीखालून हाळी दिली, ‘साहेब, चला जेवायला!’

“म्या म्हणालो, आलो. पोटभर जेवलो. परत आलो, साखळी उचलली, टाकली, आन म्हणालो, सोळा.”

“पंधरावी?”

“पंधरावी जेवणात गेली बे.”

म्हणजे दगड बाविसाव्या साखळीवर लागला. कार्यालयात बसून क्षेत्र काढताना त्याला ते उमगले, कारण धाकट्याची बाजू लांबीला एका साखळीने जास्त भरत होती. तेव्हाच परत जाऊन सुधारणे शक्य होते. पण नव्या नोकरीत चूक कबूल करण्याचे धैर्य झाले नाही. त्याने ती साखळी कागदावर उताराच्या नावाने खपवली. सर्वांनी सह्या केल्या. प्रकरण मिटले.

“तवापासून मोजताना बोलत न्हाई,” तो म्हणाला. “जन्मभर दुसऱ्याच्या हद्दी सांगितल्या. वाद लागला की लोक म्हणायचे, ह्यानं मोजलं का, मग बरुबर हाय. आन मला दर वेळी हा दगड दिसायचा. आता डोळ्याचं आपरेशन सांगितलंय. त्याच्या आधी हे मिटवायचंय. ती एक साखळी घिऊन मला मरायचं न्हाई, शास्त्र्या.”

मी तीस वर्षे त्याच्या पंजा वर करण्याला हसत आलो होतो. माझी मान खाली गेली.

त्याने पिशवी उघडली. आत ताम्हण नव्हते. गंजलेली, जुनी, तेहेतीस फुटी साखळी होती, आणि तिच्याखाली स्वहस्ते लिहिलेला कबुलीचा अर्ज, तीन प्रतींत. एक गेनबासाठी, एक धाकट्या भावाच्या बायकोसाठी, एक कार्यालयासाठी. दगड तेहेतीस फूट पूर्वेला सरकवावा अशी त्यात विनंती होती. अडचण एवढीच होती की बेचाळीस वर्षांत दगडाला डोळे आले होते.

गेनबाचे घर जवळच होते. ऐंशीच्या घरातला, अंगावर घोंगडे, कुडाच्या सावलीत शेळ्यांच्या घोळक्यात बसलेला. याला पाहताच काठी टेकून उठला. “मोजणी साहेब! आवं, कवा आलाव? ये सोजर, पाणी आण, साहेब आल्यात!”

सोजरबाई म्हणजे धाकट्या भावाची विधवा, साठी उलटलेली, आवाजाने दरीच्या पाण्याशी बरोबरी करणारी. तिने पाणी आणले, आणि आमच्या मोजणीदाराने उभे राहून अर्ज वाचला. ‘खाली सही करणार’ येथपासून ‘सबब विनंती’ येथपर्यंत.

सोजरबाईने तांब्या खाली ठेवला.

“म्हंजी,” ती म्हणाली, “माझ्याकडं गेनूदाजीची जागा हाय?”

“एक साखळी. तेहेतीस फूट.”

“आन ती द्यायला म्हसोबा उचलायचा?”

“म्हसोबा न्हाई, दगड. म्या रोवलेला.”

“आवं साहेब, रोवला आसंल तुमी, पण बसला त्यो सवताहून! ह्ये दोघं भाऊ आधी एकमेकाच्या जित्राबाला पाणी पिऊ देत नव्हते. तुमचा दगड लागला आन दुसऱ्या दिसापासून दोघांची तोंडं गप. ज्यानं ह्यांची तोंडं गप केली त्याला देव म्हणायचं न्हाई तर कुणाला, तुमाला?”

हे शेवटचे वाक्य तिने उपहासाने उच्चारले होते, परंतु पुढे ते जवळजवळ खरे ठरले.

“बुवा,” ती माझ्याकडे वळली, “तुमी शिकल्यालं हायती. तुमीच सांगा. देव हलवता येतो का?”

एका बाजूला माझ्या मित्राची बेचाळीस वर्षांची तळमळ, दुसऱ्या बाजूला या माउलीची श्रद्धा. जी शिळा मीच सकाळी साष्टांग वंदिली, ती देव नव्हे असे कोणत्या तोंडाने म्हणू? मी पुष्कळ विचार केला आणि ज्यात कोणाचेही मन मोडणार नाही असे वाटले ते उत्तर दिले. “भक्तिभावाने पुजलेली शिळा देवच होय. तिला कोणीही हात लावू नये. ज्याने स्थापना केली असेल, त्यालाच ती उचलण्याचा अधिकार.”

असे बोलून मी समाधानाने मांडी बदलली. पण सोजरबाईचे डोळे विस्फारले. ती माझ्या मित्राकडे पाहू लागली.

“म्हंजी म्हसोबाची थापना करणारं ह्येच की!”

मग मला माझ्या निर्णयातला दोष दिसला. तिने आत जाऊन नवा टॉवेल, टोपी आणि हळदी-कुंकवाचा करंडा आणला. तो ‘आवं बाई, आवं बाई’ म्हणत मागे सरकू लागला, तर शेळ्यांनी वाट अडवलेली. गेनबाने त्याच्या डोक्यावर टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला. सोजरबाईने कुंकू लावले आणि म्हणाली, “एवढी वर्सं देवाला निवद दावला, पर ज्यानं देव आणला त्याला कधी च्याबी पाजला न्हाई. चुकलं आमचं.”

माफी मागण्यास आलेला मनुष्य टोपी-टॉवेल घेऊन उभा होता. दोन दिवसांत दुसऱ्यांदा त्याला कुंकू लागले होते. “शास्त्र्या,” तो दातांवर दात धरून म्हणाला, “तुझं शास्त्र आवर बे.”

गेनबा मात्र या गडबडीत अर्जाविषयी अवाक्षर बोलला नव्हता. आम्ही निघताना तो एवढेच म्हणाला, “साहेब, मोजल्याबिगर कसं कळंल, चुकली का न्हाई? उद्या मोजून बघा. आन जेवाया हितंच. बुवांचा चातुर्मास आसंल, बिनकांद्याचं करू.”

साखळीला दोन माणसे लागतात. त्यामुळे तिसऱ्या दिवशी मी, आयुष्यभर व्याकरण शिकवलेला मनुष्य, धोतराचा काचा मारून साखळीचे मागचे टोक धरून कातळावर ओणवा झालो. त्याने मला दोनच सूचना दिल्या होत्या : साखळी ताठ धर आणि तोंड बंद ठेव. पहिली मला जमत नव्हती. दुसरी मी जपाच्या सवयीने पाळू शकलो.

बाभळीपासून प्रारंभ झाला. त्याने साखळी ओढायची, मी टोक टेकवायचे, त्याने खडूने रेघ मारायची, आकडा पुटपुटायचा. श्रावणातले ऊन पावसाआडून आले म्हणजे चटकते. पाठ दुखू लागली. आठ झाल्या. दहा झाल्या. सोजरबाई शिळेपाशी कंबरेवर हात ठेवून उभी होती, देवाला कोणी नेऊ नये म्हणून. तेरा झाल्या. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता, पण चेहरा परीक्षेला बसलेल्या विद्यार्थ्यासारखा गंभीर.

त्याने चौदावी रेघ मारली. तो साखळी उचलणार, एवढ्यात बाभळीखालून गेनबाची हाळी आली.

“साहेब, चौदा झाल्या! चला जेवायला!”

मी डोळे मिटले. आता हा पंजा वर करील, आकडा सुटेल, आणि या उन्हात आम्ही पुन्हा बाभळीपासून सुरुवात करू, असे मला वाटले. पण काहीच घडेना. डोळे उघडले तर तो खडू हातात धरून वळलेला होता आणि गेनबाकडे टक लावून पाहत होता.

“गेनबा,” तो हळूच म्हणाला, “तुला कसं कळलं बे चौदा झाल्या?”

“जलमभर शेरडं मोजतोय, साहेब. सकाळी मोजून सोडायची, सांजेला मोजून आत घ्यायची. साखळ्या काय मोजता यीना व्हय?”

“मग तवाबी?”

“तवाबी मोजत हुतो की. चौदालाच हाळी मारल्ती. तुमी जेवून आलाव आन सोळा म्हणालाव.”

तो मटकन साखळीवरच बसला. मी टोक सोडून दिले.

“कावून बोलला न्हाईस?”

गेनबा काठी टेकत जवळ आला. “जेवाया म्या बोलवलं. मधीच हाळी म्या मारली. मग चूक तुमची कशी? घरी जेवल्याल्या माणसाची चूक काढायची व्हय?” मग सोजरबाईकडे न पाहता तो म्हणाला, “आन धाकट्याकडं खळं नव्हतं. बाजरी मळायला माझ्या दारात यायला त्याला लाज वाटायची. ही एक साखळी निसता खडक. माझ्या हिकडं कुसळबी उगवलं नसतं, त्याच्या तिकडं खळं झालं. म्हटलं, म्या दिलं तर त्यो घ्यायचा न्हाई. साहेबानं मोजून दिलं म्हणल्यावर घील.”

सोजरबाईने कमरेवरचे हात काढले होते. ती त्या कातळाकडे पाहत होती, जेथे बेचाळीस सुगींची बाजरी मळली गेली होती. गुळगुळीत झालेला खडक उन्हात चमकत होता.

“तरीच,” ती म्हणाली, “तरीच दाजी दर साली माझ्या खळ्याला न बोलवता झाडू मारत्यात.” मग आवाज मूळ पदावर आणून, “आता बसून काय ऱ्हायलाव? आमटी निवतीय!”

तो अजून चौदाव्या रेघेवर बसलेला होता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो उठला, पंजा वर केला, आणि बाभळीच्या दिशेने मोठ्याने ओरडला,

“आलो!”

दरीने त्याला तीनदा उत्तर दिले.

जेवायला भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या येसराची आमटी, बाजरीची भाकरी आणि ताक होते. “बुवा, बिनकांद्याचं हाय,” सोजरबाई मला वाढताना म्हणाली, “चव गेली आसंल तर तुमच्या शास्तराला बोल लावा.” चव गेलेली नव्हती. जेवणानंतर तिने म्हसोबाचा प्रसाद म्हणून खोबरे फोडले आणि ते बांधून द्यायला कागद शोधू लागली. खांबाला खोचलेली अर्जाची प्रत तिच्या हाती लागली. माझ्या मित्राने ते पाहिले. त्याने खिशातून उरलेल्या दोन प्रती काढून तिच्यापुढे धरल्या. “एवढ्यात मावायचं न्हाई,” तो म्हणाला, “ह्येबी घ्या.”

उन्हे कलल्यावर आम्ही साखळी गोळा करण्यास गेलो. “उरलेल्या नऊ मोजायच्या का?” मी विचारले. साखळीची चवड करून तो शिळेपाशी गेला आणि ती त्याने लिंबू-नारळाशेजारी ठेवली. ठेवल्यावर तो गरजेपेक्षा अधिक वेळ वाकलेला राहिला. मी ते पाहिले हे त्याच्या लक्षात आले.

“नमस्कार न्हाई केला,” तो म्हणाला. “खाली ठिवायचं म्हणल्यावर वाकावंच लागतं बे.”

मी म्हणालो, शास्त्राचेही साधारण तेच म्हणणे आहे.

चौथ्या दिवशी शेवटच्या अभिषेकासाठी आम्ही दरीत उतरलो. पिशवीत तीन कागदांत बांधलेले खोबरे होते आणि खणखणाट नव्हता. अर्ध्या वाटेवर पहिल्या दिवशीची ती बाई वर येताना दिसली. त्याला ओळखून ती पायऱ्यांच्या कडेला सरली आणि भीत भीत म्हणाली, “बाबा, आज बोलता का?”

“बोलतो की,” तो म्हणाला. “कुण्या गावच्या तुमी?”

तिने गाव सांगितले, सून सांगितली, सुनेचे गुडघे सांगितले. तो एका पायरीवर उभा राहून सर्व ऐकत होता. निरोप घेऊन आम्ही पुन्हा उतरू लागलो. पाण्याचा नाद जवळ येऊ लागला, देवळाचा कळस दिसला, आणि शेवटची पायरी आली. मी सवयीने थांबून आकड्याची वाट पाहिली. तो वहाणा काढत होता.

“किती झाल्या?” मी विचारले.

“काय?”

“पायऱ्या.”

“कुणी मोजल्यात बे?” असे म्हणून तो माझ्या आधी देवळात शिरला.

त्या दरीला किती पायऱ्या आहेत हे मला आजतागायत कळलेले नाही.